पाठ : पेटीतील औषधांचा हिशेब



लोणी देवकर पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. इथे औद्योगिक वसाहत आहे, भोवती ऊस आहे आणि थोड्या अंतरावर उजनीचे पाणी आहे. हंगाम सुरू झाला की खानदेशातून भिल्ल ऊसतोड कुटुंबे या भागात उतरतात. उजनीकाठी मासेमारीसाठी आलेले कातकरी राहतात, आणि पारधी वस्त्या तर बारमाही आहेत. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर यांना गाडीचाच आधार. म्हणून या वेळचा पाठ गाडीतल्या औषधपेटीविषयी आहे.

समजा, रात्री दोन वाजता कोपीवरून बोलावणे येते. तीन वर्षांच्या मुलाला झटके येत आहेत आणि पाच मिनिटे झाली तरी थांबत नाहीत. अशा वेळी मिडाझोलामसारखे औषध लागते. डॉक्टर पेटी उघडतात. वहीत दोन कुप्या आहेत, खणात एकही नाही. आदल्या पाळीत एक वापरली, एक फुटली, आणि लिहायचे राहिले. चोरी कोणीच केली नाही. तरीही मुलाचे झटके चालूच राहिले. चुकलेल्या नोंदीची किंमत पुढचा रुग्ण भरतो, हे या पाठाचे सार आहे.

१. किमान साठा ठरवा. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्यांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ प्राथमिक सुविधेच्या होत्या. गाडीची सोय आणि तिच्यावरचे माणूस पाहूनच औषधांची यादी ठरते. आपली यादीही तशीच ठरवा आणि प्रत्येक औषधापुढे किमान आकडा लिहा. रुग्ण उतरवला की जेवढे वापरले तेवढे लगेच भरा. ‘उद्या भरू’ म्हटले की पेटी रिकामी राहते.

२. आधी संपणारे आधी वापरा. ज्याची मुदत जवळ आली ते पुढे ठेवा, नवे मागे. महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक कुपीवरची तारीख वाचा. भरून तपासलेल्या पेटीला क्रमांकाचे सील लावा. सील शाबूत असेल तर पाळी बदलताना फक्त क्रमांक जुळवावा लागतो. तुटलेले असेल तर सगळी पेटी मोजा.

३. उन्हाचा विचार करा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. वैशाखात उन्हात उभ्या गाडीत त्याची ताकद जाते, पण कुपी पाहून ते कळत नाही. म्हणून बर्फाच्या वड्यांची पेटी व तापमापक हवा, आणि दिवसातून दोनदा तापमानाची नोंद हवी.

४. कुलपातली औषधे. मॉर्फिन, फेन्टॅनिल, केटामाइन, पेन्टाझोसिन, डायझेपाम, मिडाझोलाम ही औषधे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतात. ट्रॅमाडॉलही २०१८ पासून त्यात आले. मॉर्फिनसारखी औषधे ठेवण्यासाठी संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता लागते. ज्या गाडीवर डॉक्टर नाही, त्या गाडीत ही औषधे ठेवूच नयेत. जिथे ठेवतात, तिथे एवढे पाळावे :

- औषध कुलपात आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे.
- पाने क्रमांकित असलेली बांधीव वही. सुटे कागद नकोत, खाडाखोड नको. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा.
- पाळी बदलताना जाणारा व येणारा दोघांनी मिळून मोजावे आणि दोघांनी सही करावी.
- उरलेले औषध साक्षीदारासमोरच टाकावे.

उदाहरण पाहा. सुरुवातीला चार कुप्या. एका कुपीत ५ मिलिग्रॅम, रुग्णाला दिले २, टाकले ३. दोन सह्या. शिल्लक तीन. नवी आली एक. शिल्लक पुन्हा चार. दिलेले आणि टाकलेले मिळून पाच होतात का, हे दर वेळी पाहा.

हिशेब जुळला नाही तर पाळी संपण्याआधीच वरिष्ठांना कळवा. आकडा जुळवून लिहू नका. औषध गेले तर शोधता येते, पण खोट्या नोंदीमुळे सगळी वहीच निरुपयोगी होते.

काही सेवकांना वाटते, “आमच्यावर विश्वास नाही म्हणून ही वही.” तसे नाही. शेड्यूल एच-१ मधले औषध विकणारा दुकानदारही वेगळी वही ठेवतो आणि ती तीन वर्षे जपतो. उद्या कोणी बोट दाखवले तर दोन सह्यांची वहीच तुमची साक्ष देईल. आपण मालक नाही, कारभारी आहोत. पेटीतली प्रत्येक कुपी कोणाच्या तरी देणगीतून आली आहे आणि कोणाच्या तरी लेकरासाठी ठेवली आहे. थोडक्यातही विश्वासू राहणे हीसुद्धा सेवाच आहे.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या पेटीतली कोणती तीन औषधे सर्वांत आधी संपतात? त्यांचा किमान आकडा किती असावा?
२. मागच्या महिन्यात कोणत्या दिवशी पाळी बदलताना मोजणी राहिली? का?
३. कुपी फुटली तर आपल्याकडे ती कोण, कुठे आणि कोणासमोर लिहितो?