हात सुजला म्हणून गोळी सोडू नका

माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, तेव्हा काखेतल्या लसिकागाठीही काढल्या. रोग इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसणारा निघाल्याने ते रोखणाऱ्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे एकदा कोळंबी सोलताना त्याच बाजूच्या बोटात काटा घुसला. आमच्या रेवदंड्याकडे एवढ्याशा काट्याला कोण विचारतं? रात्री थंडी वाजून ताप भरला. सकाळी हात कोपरापर्यंत लालभडक. औषधांनी ताप उतरला, सूज मात्र राहिली.

‘त्या गोळ्यांनीच सुजलाय, बंद कर,’ असं शेजारपाजारच्या बायका सांगू लागल्या. त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, सल्ला मात्र घातक होता.

पेशींभोवती साचणारं पाणी आणि प्रथिनं लसिकावाहिन्या परत रक्तात नेऊन सोडतात. काखेतल्या गाठी काढल्या की हाताकडची ही वाट अडते. या वाहिन्यांचं आतलं अस्तर धड राखायला इस्ट्रोजेन मदत करतं. वाडीतल्या पाटाची कड झिरपू लागली की पाणी पुढे न जाता तिथेच मुरतं, तसंच ही मदत थांबली की इथेही होतं. इस्ट्रोजेनचं काम रोखल्यावर किंवा टॅमॉक्सिफेन दिल्यावर सूज वाढते, असं फ्रान्समधल्या संशोधकांना २०१८ साली उंदरांमध्ये दिसलं.

पण हेच इस्ट्रोजेन आमच्यासारख्यांचा रोगही वाढवतं. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने या रोगाने मरण येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. सूज आटोक्यात ठेवता येते. उलटलेला रोग ठेवता येईलच असं नाही.

म्हणून सांगते:

• मासळी साफ करताना, वाडीत काम करताना जाड हातमोजे घाला. काटा लागला तर लगेच साबणाने धुऊन जंतुनाशक लावा.

• बांगडी, ब्लाउजची बाही घट्ट होऊ लागली की दोन्ही हात टेपने एकाच जागी मोजा. दोन सेंटिमीटरचा फरक दिसला तर दाखवायला जा.

• दाबाची बाही फिजिओथेरपिस्टला माप देऊनच घ्या. शिकवलेला व्यायाम रोज करा, वजन वाढू देऊ नका.

• गरम शेक, जोरात तेल रगडणं, मनाने लघवीच्या गोळ्या घेणं टाळा.

• लाली आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

परळचं टाटा रुग्णालय असो की आपल्या जिल्ह्यातलं त्यांचं खारघरचं केंद्र, जिथे उपचार चालू आहेत तिथे सुजलेला हात दाखवा. त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.