फोमच्या गोळीचा ब्लास्टर : खोक्यावरील आकडे वाचूनच माल भरावा

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की मुंब्रा, कौसा, राबोडी, भिवंडी आणि कल्याणच्या दूधनाक्याकडे कपड्यांच्या दुकानांसमोर खेळण्यांच्या गाड्या लागतात. मुलांच्या हातात ईदी पडते आणि पहिली खरेदी होते ती पिस्तुलाची. पूर्वी हे पिस्तूल प्लास्टिकच्या छऱ्याचे असे. आता त्याच्या शेजारी निळा-केशरी ब्लास्टर दिसतो, ज्यातून फोमची मऊ गोळी सुटते. तिला डार्ट म्हणतात.

आमचा धंदा कापडाचा. तरीही ईदेच्या हंगामात गल्ल्याजवळ थोडा बाजूचा माल आम्ही ठेवतो. दोन वर्षांपूर्वी चाळीस ब्लास्टर घेतले. लहान मुले घेतील असा आमचा हिशोब. पण आले कोण, तर डोंबिवलीचे नोकरी करणारे तीन तरुण. त्यांनी खोके उलटून पाहिले आणि विचारले, "चाचा, याचा एफपीएस किती? यात जाड स्प्रिंग बसते का?" आम्हाला काहीच सांगता आले नाही. ज्या मालाबद्दल दुकानदाराला सांगता येत नाही तो त्याने विकावा कसा? त्या दिवसापासून आम्ही या वस्तूची माहिती गोळा केली. ती व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

या खेळण्याचा उगम अमेरिकेचा. १९६९ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने 'नर्फ' नावाचा फोमचा चेंडू काढला. घरात खेळला तरी काच फुटणार नाही, हीच त्याची जाहिरात. १९९१ मध्ये हा छाप हॅसब्रो कंपनीकडे गेला आणि १९९२ च्या सुमारास डार्ट मारणारे पिस्तूल बाजारात आले. पुढच्या काळातील नर्फ ब्लास्टरांमागे लॉनी जॉन्सन या कृष्णवर्णीय इंजिनियरचे डोके होते. पाण्याची 'सुपर सोकर' बंदूक त्यांचीच. रॉयल्टी कमी मिळाली म्हणून ते कंपनीशी भांडले आणि २०१३ मध्ये लवादाने त्यांना सुमारे सात कोटी तीस लाख डॉलर देवविले. करार लेखी असला की मोठ्या कंपनीकडूनही पैसा निघतो. आमचे अनेक बंधू अजून तोंडी शब्दावर माल देतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता मुद्द्याचे. मुलांच्या साध्या ब्लास्टरमधून डार्ट सेकंदाला साधारण ७० फूट वेगाने सुटतो. एफपीएस म्हणजे हाच आकडा. शौकीन लोकांना तो पुरत नाही. ते आतली स्प्रिंग बदलून जाड तारेची घालतात, दट्ट्याची हवा गळू नये म्हणून रबरी कडी बसवितात, आणि वेग १५०, २०० फुटांवर नेतात. दुसऱ्या प्रकारात दोन फिरती चाके डार्टला पकडून पुढे फेकतात. तेथे मोटार आणि बॅटरी बदलली जाते. त्यासाठी वापरली जाणारी लिथियमची बॅटरी चुकीच्या चार्जरवर लावली तर पेट घेऊ शकते. कापडाच्या गोदामात ती ठेवण्याचा विचारही करू नये. हल्ली अशा वेगाचे ब्लास्टर परदेशी कंपन्या तयारच विकतात.

वेग वाढला की काय होते ते सुताच्या नंबरासारखे नीट समजून घ्यावे. डार्टचे वजन सुमारे एक ग्रॅम. ७० फूट वेगाला त्याचा मार पाव जूलपेक्षा थोडा कमी बसतो. वेग दुप्पट, म्हणजे १४० फूट केला तर मार दुप्पट होत नाही, चौपट होतो. २०० फुटांवर तो आठपट होतो. गोळी तीच, फोमही तोच, हाताला मऊच लागतो. ग्राहक बोटाने दाबून पाहतो आणि मुलाला देतो. येथेच फसगत आहे. आणि साधा ब्लास्टरही डोळ्याला अगदी निर्धोक नाही. २०१७ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. फोमच्या गोळीने तिघांच्याही डोळ्यात आतून रक्तस्राव झाला होता.

दुसरा आकडा वयाचा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. ब्लास्टरसारख्या वस्तूची जी तपासणी होते तीत सुटणाऱ्या गोळीचा मारही मोजला जातो. जोरदार ब्लास्टरच्या खोक्यावर '१४ वर्षांवरील' असे छापतात ते काही सजावटीसाठी नव्हे. मुलांच्या मर्यादेत हा माल बसत नाही, अशी ती कबुली आहे. पण कायद्याची व्याख्या पाहावी. केवळ मुलांसाठी नसलेली, पण मुलांनीही खेळावी अशा हेतूची वस्तूही तीत येते. म्हणून '१४ वर्षांवरील' खोके बाहुल्या आणि फुग्यांच्या शेजारी टांगून दुकानदार सुटेल असे समजू नये. २०१६ च्या मानक ब्युरो कायद्यात विनाचिन्ह माल विकण्याबद्दल पहिल्याच वेळी किमान २ लाख रुपये दंड ठेवला गेला. छोट्या दुकानाची ती दोन ईदांची कमाई.

आमच्या चाळीस नगांवर आयएसआयचे चिन्ह होते, हे सांगितले पाहिजे. फक्त चिन्हाच्या खाली परवान्याचा नंबर नव्हता. खऱ्या चिन्हावर वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये टाकला की कारखान्याचे नाव निघते. आम्ही हे माल घेतल्यानंतर शिकलो. घाऊकवाला परत घेईना. शेवटी तो सगळा माल माळ्यावर टाकला. घरातील एकाने सुचविले की शेजारच्या गाडीवाल्याला निम्म्या भावात देऊन टाकू. ऐब माहीत असताना माल दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे ही तिजारत नव्हे. दिला नाही.

बाहेरून मागविण्याचा मार्गही आता सोपा नाही. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. काही तरुण भेटवस्तू म्हणून कुरियरने चीनमधून पार्सल मागवीत. डिसेंबर २०१९ मध्ये राखी व जीवरक्षक औषधे सोडून भेट म्हणून येणाऱ्या मालाला बंदी झाली. खोटे लिहून मागविलेले पार्सल कस्टममध्ये अडकले तर कोणाकडे दाद मागणार?

मग धंदा कोठे आहे? आमच्या मते तो ब्लास्टरपेक्षा त्याच्या अवतीभोवती अधिक आहे. ब्लास्टर शौकीन एकदा घेतो. डार्ट मात्र हरवतात, चिरडतात, त्यांची टोके निघतात, आणि दर खेळाला नवे लागतात. जसे शिलाई मशीन एकदा आणि दोरा दर आठवड्याला. त्यात दोन मापे लक्षात ठेवावीत. सुमारे ७२ मिलिमीटरचा लांब डार्ट साध्या ब्लास्टरला, आणि त्याच्या निम्म्या लांबीचा जोरदार ब्लास्टरला. लांब डार्ट जास्त वेगात डगमगतो. एकाचा माल दुसऱ्याच्या ग्राहकाला दिला की तो परत आलाच. डार्ट भरायचे बटवे, कमरेचे पट्टे, मैदानात आडोशाला लावायची ताडपत्री, हे तर भिवंडी-उल्हासनगरचे शिलाई कारागीर आजच करू शकतील. आणि डोळ्यावरचा जाड संरक्षक चष्मा. कारखान्याच्या सामानाच्या दुकानात तो सहज मिळतो.

यंदा आम्ही लहान मुलांसाठी नंबर तपासलेले बारा ब्लास्टर भरले आहेत, प्रत्येकाबरोबर चष्मा. चष्म्याशिवाय नग द्यायचा नाही असे मुलाला सांगून ठेवले आहे. एका गिऱ्हाइकाने चष्मा काढून किंमत कमी करा म्हटले, तो तसाच गेला. डोंबिवलीचे ते तरुण मात्र परत आले आणि दोनशे छोटे डार्ट मागवा असे सांगून आगाऊ पैसे ठेवून गेले.