क्षेत्रयात्रेसाठी आणि अभ्यासासाठी नकाशा कसा निवडावा?

दत्तजयंती जवळ आली की ओळखीचे दोन-तीन जण हमखास घरी येतात. "काका, गाणगापूर-कुरवपूर करायचंय, तुमच्याकडे नकाशे आहेत ना, कोणता बरा?" कुणी पारायण करता करता स्थळांची यादी काढतो आणि विचारतो, "यातलं अमुक गाव आता कुठं सापडेल?" मी काही भूगोलाचा प्राध्यापक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलं. पण एका चुकीमुळे नकाशांच्या नादी लागलो. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का सांगतोय ते कळेल.

१९९६ सालची गोष्ट. बँकेची एलएफसी घेऊन आईला दत्तक्षेत्रांना न्यायचं ठरवलं. आंबाजोगाईहून जीप केली. जवळ होता तो एका दुकानातून घेतलेला रंगीत दत्तक्षेत्र-नकाशा. मध्ये दत्तमहाराज, भोवती सगळी क्षेत्रं फुलाच्या पाकळ्यांसारखी मांडलेली. त्यात गाणगापूर आणि कुरवपूर यांच्यामध्ये फक्त बोटभर अंतर. गाणगापूरला दुपारची माधुकरी झाली आणि आम्ही "आत्ता पोचू" म्हणून निघालो. मार्गशीर्षातला दिवस तो, लवकर मावळला. कृष्णेच्या काठावर आलो तेव्हा अंधार पडला होता, नावा बंद झाल्या होत्या. कुरवपूर हे कृष्णेतलं बेट. नावेशिवाय जाता येत नाही. सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं, जीपही ठरल्या दिवसांचीच. आईनं काठावरूनच हात जोडले. म्हणाली, "दिसतोय की रे दिवा. झालं दर्शन." पुढच्या वर्षी ती गेली.

सरळ रेषेत मोजलं तरी गाणगापूर ते कुरवपूर हे अंतर शंभर किलोमीटरच्या पुढं आहे. रस्त्यानं तर पुष्कळच जास्त. हे मला निघायच्या आधी घरी बसून मोजता आलं असतं. पण त्या कागदावर मोजायला काही नव्हतंच. म्हणून पहिला धडा त्याचाच.

१) प्रमाण पाहा

नकाशाच्या खालच्या बाजूला १:५०,००० किंवा १:१०,००,००० असे आकडे असतात, शेजारी पट्टी असते. ती नसेल तर तो नकाशा नाही, चित्र आहे. देवघरात लावा, प्रवासाला नेऊ नका.

या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. १:५०,००० म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर बरोबर जमिनीवरचा १ किलोमीटर. १:२,५०,००० मध्ये १ सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. १:१०,००,००० मध्ये १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर.

उदाहरण आपल्या घरचंच घेऊ. परळी आणि गाणगापूर ही जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, गाणगापूर सरळ दक्षिणेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. त्या हिशेबानं दोन्हींमध्ये सरळ रेषेत सुमारे १८५ किलोमीटर येतात. १:१०,००,००० च्या नकाशावर हे अंतर साडेअठरा सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या पानात बसतं. १:५०,००० वर तेच ३ मीटर ७० सेंटिमीटर होईल, घरातली भिंत पुरणार नाही! म्हणून संपूर्ण यात्रा आखायला दहा लाखांचा किंवा अडीच लाखांचा नकाशा घ्यावा. संगम, घाट, बेट, पाऊलवाट पाहायची असेल तर त्या ठिकाणापुरतं पन्नास हजारांचं शीट घ्यावं. दोन्ही कामं एका कागदाकडून मागू नयेत.

ही शीट्स भारतीय सर्वेक्षण विभागाची. हा विभाग १७६७ सालापासूनचा, मुख्यालय देहरादून. जुन्या क्रमांकपद्धतीत आपला बीड जिल्हा ७६ रेखांशावर दोन भागांत पडतो. बीड, गेवराई, पाटोदा, आष्टी ४७ क्रमांकात आणि आंबाजोगाई, परळी, माजलगाव ५६ क्रमांकात. एकच शीट आणून "आमचं गावच नाही यात" म्हणणारे मी पाहिलेत. नव्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळं जुन्या यादीवरून नवं शीट मागू नका. नवी शीट्स विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवूनही घेता येतात. नातवाला सांगा, तो देईल काढून.

२) नकाशाची तारीख पाहा

पासबुक ज्या तारखेपर्यंत भरलेलं, त्या तारखेपर्यंतच खरं. नकाशाचंही तसंच. आणि छपाईची तारीख वेगळी, पाहणीची वेगळी. शीटच्या समासात पाहणीचं साल दिलेलं असतं, ते आधी वाचा.

प्रवासाला नवा नकाशा हवा हे उघड आहे. कलबुर्गी, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर ही नावं जुन्या नकाशात गुलबर्गा, उस्मानाबाद, औरंगाबाद अशी मिळतील. पण अभ्यासाला पुष्कळदा जुनाच नकाशा लागतो. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, गोदावरीवर पैठणला जायकवाडी झालं. पाण्याखाली गेलेली जुनी गावं, नदीकाठची देवळं नव्या शीटवर दिसणार कशी? त्यासाठी धरणाआधीच्या पाहणीचं, एका इंचाला एक मैल या प्रमाणाचं जुनं शीट शोधावं.

नावांचंही तेच. आंबाजोगाई जुन्या नकाशांत मोमिनाबाद म्हणून येते, बीड हे भीर म्हणून. १९६९ साली निघालेल्या जिल्हा गॅझेटिअरच्या मुखपृष्ठावरही भीरच आहे. एकाच नावाची गावंही अनेक असतात. गंगापूर तालुका संभाजीनगरकडे आहे, नाशिकला गंगापूर धरण आहे, आणि आपलं गाणगापूर कर्नाटकात. रेल्वेच्या नकाशात 'गाणगापूर रोड' दिसलं म्हणून देऊळ स्टेशनाबाहेर असेल असं समजू नका. स्टेशनाच्या नावात 'रोड' असलं की गाव आणखी आत आहे, हे धरून चालावं.

३) नकाशा कुठं संपतो ते पाहा

आपल्या लोकांची सर्वांत मोठी चूक इथं होते. आपण महाराष्ट्राचा नकाशा विकत घेतो. त्यात सोलापूर-अक्कलकोटच्या पुढं कोरा कागद. गाणगापूर नाही, सायंदेवांचं कडगंची नाही, बीदर नाही, कुरवपूर तर नाहीच.

श्रीगुरूंच्या काळी ही सीमा नव्हती. परंपरा नृसिंहसरस्वतींचा काळ १३७८ ते १४५८ असा मानते. तेव्हा या मुलखावर बहामनी सत्ता होती, राजधानी आधी गुलबर्गा, मग बीदर. गुरुचरित्रात बीदरच्या राजाला फोड झाल्याची आणि तो गाणगापूरला आल्याची कथा आहे. बीदर कुठं, गाणगापूर कुठं हे एका नकाशावर पाहिलं की ती कथा आपल्या शेजारची वाटू लागते. आंबाजोगाईचे दासोपंत (१५५१ ते १६१५) यांचंही चरित्र असंच. बीदर, माहूर, राक्षसभुवन, आंबाजोगाई ही सगळी ठिकाणं त्यात येतात.

मग ही सगळी एका कागदावर कुठं मिळतील? १९५६ च्या आधीच्या हैदराबाद राज्याच्या नकाशात! परळी, माहूर, बासर, बीदर, गाणगापूर, कुरवपूर सगळी एकाच राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची वाटणी झाली आणि आपली क्षेत्रं तीन नकाशांत गेली. अक्कलकोट मात्र तेव्हाही हैदराबाद राज्यात नव्हतं. जुना नकाशा मिळाला नाही तर सोपा उपाय म्हणजे राज्याऐवजी नद्यांवरून नकाशा निवडणे. गोदावरी, भीमा, कृष्णा तिन्ही ज्यात पूर्ण दिसतात तो दक्षिण भारताचा नकाशा घ्या.

४) ऐतिहासिक ॲटलास

यात तीन नावं सांगतो. जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांनी संपादित केलेला दक्षिण आशियाचा ऐतिहासिक ॲटलास (१९७८, शिकागो). सर्व कालखंड आहेत, आणि इंटरनेटवर फुकट पाहता येतो. दुसरा इरफान हबीब यांचा मुघल साम्राज्याचा ॲटलास (१९८२), सतराव्या शतकाच्या अभ्यासाला उपयोगी. तिसरा इम्पीरियल गॅझेटिअरचा ॲटलास (१९०९), निजामकाळचे जिल्हे पाहायला. तिन्ही इंग्रजीत आणि मोठी आहेत. विकत घेण्याआधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चाळून पाहावीत.

निवडताना दोनच प्रश्न विचारा. मागे स्थळांची सूची आहे का? आणि ही सीमा कशावरून काढली, याची टीप आहे का? हबीब यांच्या ॲटलासात प्रत्येक नकाशाला आधार दिलेले आहेत. व्हाउचर नसलेली एन्ट्री आम्ही पास करत नसू. आधार नसलेली सीमारेषाही तशीच समजावी. शिवाय ॲटलास करणारा काय शोधत होता ते ओळखावं. आपलं राक्षसभुवन इतिहासाच्या नकाशात येईल ते १० ऑगस्ट १७६३ च्या माधवराव पेशवे आणि निजाम यांच्या लढाईसाठी. तिथल्या दत्तस्थानाचा त्यात उल्लेख नसेल. म्हणून दत्तस्थान तिथं नाही असं होत नाही. खेडी शोधायला जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका उत्तम. तालुक्याचा नकाशा आणि गावांची यादी दोन्ही त्यात असतात.

घरचा अभ्यास

दक्षिण भारताच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवा. गुरुचरित्रातला क्रम घ्या: वैजनाथ म्हणजे आपली परळी, मग औदुंबर, नरसोबावाडी, गाणगापूर. ठिपके जोडा. परळीहून सरळ खाली गाणगापूर असताना श्रीगुरू आधी नैर्ऋत्येला कृष्णाकाठी गेले आणि मग भीमेवर आले, हे डोळ्यांना दिसेल. मग नद्या निळ्या करा. आष्टी तालुक्याच्या कडेनं वाहणारी सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढे गाणगापूरला अमरजेला भेटते. आपल्या जिल्ह्यातलं पाणी संगमावर जातं, हे मला पन्नाशीनंतर नकाशानं दाखवलं.

आणि निघायच्या आधी पट्टी लावून अंतर मोजा, पाण्यापलीकडे जायचं असेल तर नाव किती वाजेपर्यंत असते ते विचारून घ्या. घरातलं म्हातारं माणूस बरोबर असेल तर एक दिवस जास्तीचा ठेवा. रजा वाढवून मिळते.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!