महास्फोट, महाउसळी आणि आपली घाई

जुमाच्या नमाजनंतर एक तरुण थांबला होता. चाकणच्या एका कारखान्यात तो सुट्या भागांच्या तपासणीचे काम करतो. शिफ्टवरच्या सहकाऱ्याशी त्याचा वाद झाला होता. "मौलाना, महास्फोट कुरआनात चौदाशे वर्षांपूर्वीच आला आहे ना?" त्याच्या मोबाइलवर सूरह अंबियाच्या तिसाव्या आयतीचा हवाला देणारा संदेश होता. मी लगेच होकार दिला नाही.

वाचकहो, 'महास्फोट' हा शब्दच फसवा आहे. १९४९ साली रेडिओवर तो प्रथम उच्चारणारे फ्रेड हॉइल स्वतः त्या सिद्धान्ताचे विरोधक होते. फटाक्यासारखा एका जागी झालेला हा स्फोट नव्हे. येथे जागाच प्रसरण पावते. हे प्रसरण उलटे मोजत गेल्यास सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी घनता अनंत ठरते आणि आइन्स्टाइन यांची समीकरणे निरुत्तर होतात. पुष्कळ लोक यालाच आरंभ समजतात. वस्तुतः तेथे संपते ती समीकरणांची हद्द.

या हद्दीपलीकडे पाहणाऱ्यांत शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर अग्रणी आहेत. १९८६ मध्ये त्यांनी ती समीकरणे नव्या चलांत मांडली आणि त्यातून 'लूप क्वांटम ग्रॅव्हिटी' उभी राहिली. मालेगावचे कापड दुरून सलग दिसते, भिंगाखाली त्याचे ताणे-बाणे दिसतात. या सिद्धान्तानुसार अवकाशही तसेच विणलेले आहे. मी त्या तरुणाला त्याच्या मायक्रोमीटरची आठवण दिली. त्याला मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो, त्याखालचे कळत नाही. पण ती साधनाची मर्यादा झाली. येथे क्षेत्रफळालाच पुढे न विभागणारा एक किमान तुकडा आहे, आणि तो कल्पनेपलीकडे सूक्ष्म आहे: मीटरचे एकावर पस्तीस शून्ये इतके भाग करावेत, त्या मापाचा.

२००६ मध्ये अष्टेकर, पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी विश्वाच्या एका सोप्या प्रतिमानावर हे गणित केले. त्यात अनंत घनता आलीच नाही. अतितीव्र घनतेला गुरुत्वाकर्षण जणू उलटते आणि आकुंचन पावणारे विश्व पुन्हा प्रसरण पावू लागते. ही महाउसळी, म्हणजे महास्फोटापूर्वीही विश्व होते. निरीक्षणाने हे अद्याप सिद्ध झालेले नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

आता आयतीवर आज महास्फोटाचा शिक्का मारला आणि उद्या महाउसळी खरी ठरली, तर आपण काय करणार? पुण्यात १९८८ मध्ये 'आयुका' उभारणाऱ्या जयंत नारळीकरांना तर महास्फोट अखेरपर्यंत पटला नाही. आणि त्या आयतीचा हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेला एक खुलासा पावसाचा आहे: आकाश बरसत नव्हते, जमीन उगवत नव्हती, मग दोन्ही मोकळी केली गेली.

"मग शिफ्टवर काय सांगू?" त्याने जरा नाराजीनेच विचारले.

"विश्व अल्लाहने निर्माण केले, हा आपला ईमान आहे, असे सांग. ते कसे उलगडले याचा हिशेब अजून चालू आहे, हेही सांग. आणि तो संदेश पुढे पाठवू नकोस."