कापड घेण्याआधी थोडं ऐक

अगं, तू घडीची कयाक शिवायची म्हणतेस, मला मनापासून आनंद झाला. दोन खोल्यांच्या घरात पंधरा-सोळा फुटांची नाव ठेवायची कुठं? सांगाडा सुटा करायचा, कातडं, म्हणजे सांगाड्यावर चढवायचं कापड, गुंडाळायचं, दोन पिशव्या भरायच्या आणि एसटीच्या टपावर टाकायच्या, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. तू ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे भाव काढलेस, वल्ह्याची चौकशी केलीस. कातड्याचं विचारलं तर म्हणालीस, "एखादी चांगली ताडपत्री घेईन." तेवढ्यासाठीच बोलायला बसले आहे. सांगाडा नावेला आकार देतो, पण तुझ्यात आणि पाण्यात उभं असतं ते कातडंच. खर्च आणि वेळ आधी त्याला दे.

ही नाव जन्मली शिवणाऱ्यांच्या हातून, हे लक्षात असू दे. 1905 साली आल्फ्रेड हॉयरिश नावाच्या जर्मन विद्यार्थ्यानं बांबूच्या सांगाड्यावर शिडाचं कापड चढवून घडीची नाव केली. 1907 मध्ये तिचे हक्क घेतले योहान क्लेपर यांनी, आणि ते रोझेनहाइम गावचे शिंपी होते. त्याच्या कितीतरी आधी उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट बायका सीलच्या कातड्यानं कयाक मढवत होत्या. त्यांची सुई कातड्याच्या आरपार जात नसे. निम्म्या जाडीतूनच ती वळवायची, मग उलट्या बाजूनं दुसरी शिवण घालायची. भोक आरपार नाही, मग पाणी शिरणार कुठून? आपल्याकडेही ही विद्या परकी नाही. 1520 च्या सुमारास विजयनगर पाहून गेलेल्या डोमिंगो पाइश या पोर्तुगीजानं तुंगभद्रेवरच्या टोपलीसारख्या गोल नावांबद्दल लिहून ठेवलंय. आत वेताचं विणकाम आणि बाहेरून कातडं.

आता मुख्य गोष्ट. एकच कापड घेऊन सगळी नाव मढवायचा विचार सोड. कोल्हापुरी चपलेचा तळ जाड कातड्याचा आणि वरचे पट्टे मऊ, पातळ कातड्याचे असतात ना, तसंच इथं. तळाच्या कापडाला घासणं सोसायचं असतं आणि पाणी पूर्ण अडवायचं असतं. वरच्या कापडाला फक्त पाऊस आणि शिंतोडे परतवायचे असतात, आणि आतली वाफ बाहेर सोडायची असते. दोघांची कामं वेगळी, म्हणून कापडंही वेगळी.

तळासाठी तीन पर्याय ध्यानात ठेव. पहिला, पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर दिलेलं कापड. ट्रकवर टाकतात त्या भारी ताडपत्रीच्या जातीचं. सहज मिळतं, गरम हवेच्या यंत्रानं सांधता येतं, खिशाला झेपतं. पण पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं, मग उन्हात कापड ताठर होतं आणि घडीवर चिरतं. दुसरा, हायपॅलॉन नावाचा रबर. ऊन आणि हवा यांना तो फार काळ दाद देत नाही. ड्यूपाँ कंपनीनं 2010 मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं, तरी त्या जातीचं रबरी कापड अजून त्याच नावानं ओळखलं जातं. ते गरम हवेनं सांधता येत नाही, दोन भाग मिसळून करायच्या खास गोंदानंच चिकटवावं लागतं. तिसरा, टीपीयू नावाच्या लवचीक प्लास्टिकचा थर दिलेलं कापड. हलकं, घासायला चिवट, आणि सांधताही येतं, पण महाग. यातही आतली वीण पॉलिस्टरची आहे का ते विचार. नायलॉन चिवट असतो, पण पाणी पितो आणि ओला झाला की सैल पडतो. घरी तंग बसलेलं कातडं तळ्यात उतरल्यावर ढिलं पडलं तर नाव वळवळते.

तुझ्यासाठी मी पहिलाच पर्याय सांगेन, चांगल्या जाडीचा, 700 ते 900 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅमच्या, आसपासचा. जाहिरातीच्या फलकाचं फ्लेक्स मात्र कुणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस. विरळ जाळीवर दाबलेले ते दोन पातळ पापुद्रे असतात. घडीवर सुटतात, आणि एकदा चीर पडली की ती धावत जाते.

वरच्या बाजूला घट्ट विणीचं जाड सुती कापड उत्तम. जुन्या क्लेपर नावांवर सुती-ताग मिश्र कापड असायचं. ओलं झालं की धागे फुगतात, छिद्रं मिटतात आणि पाणी थांबतं. वाळलं की पुन्हा वाफ सोडतं. इचलकरंजी एका बसच्या अंतरावर आहे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग लावला, तेव्हापासून सुताची जाण तिथं पिढ्यांत मुरली आहे. दुकानात नुसता रंग बघू नकोस. कापड उजेडासमोर धर, वीण किती दाट आहे ते बघ आणि विकणाऱ्याला धाग्याबद्दल विचार. सुती कापडाला बुरशी लागते, तेवढं जपावं लागेल. ते जमणार नसेल तर पाणी न धरणारं पॉलिस्टर घे.

आणि शिवण, माझे बाई, शिवण! नाव गळते ती बहुधा इथंच. तळ आणि वरचं कापड जिथं भेटतात ती रेघ पाण्याच्या पातळीच्या बरीच वर ठेव. म्हणजे सुईची भोकं सतत पाण्यात राहणार नाहीत. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून घे, वर दोन समांतर टिपा मार. दोरा पॉलिस्टरचाच, सुती दोरा सदा ओला राहून कुजतो. टाके फार जवळ घेऊ नकोस, जाड कापडावर ओळीनं भोकं पडली की तिथूनच फाटतं. तळाच्या तुकड्यांचे जोड तर शिवूच नकोस, गरम हवेनं सांधून घे. ताडपत्रीवाल्यांकडे ते यंत्र असतं. जोड एकावर एक दीड-दोन इंच चढलेला हवा. पंक्चरवाल्याचं सोल्यूशन पीव्हीसीवर टिकत नाही, त्यासाठी पॉलियुरेथेनचा गोंद लागतो, तोही कापड नीट पुसून.

तळ बाहेरून घासतो हे सगळ्यांना दिसतं. आतून झिजतो तो नळ्यांपाशी. सांगाडा आणि कातडं यांच्यात वाळूचे चार कण अडकले की प्रत्येक हालचालीत ते कापड खात राहतात. म्हणून मधल्या कण्यावर आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांखाली त्याच कापडाच्या जादा पट्ट्या बाहेरून चिकटव, आणि दर वेळी आतून धुऊन काढ. दोन्ही कडांना आतून हवेच्या लांब नळ्या बसवता आल्या तर बसव. सांगाडा आत गेल्यावर त्या फुगवल्या की कातडं तंग होतं, आणि नाव उलटली तरी तरंगत राहते. अशाच क्लेपर नावेतून हान्स लिंडेमान यांनी 1956 मध्ये 72 दिवसांत अटलांटिक ओलांडला. नाव जेमतेम सव्वापाच मीटरची होती.

ऑस्कर श्पेकचं नावही ऐकून ठेव. 1932 मध्ये हा जर्मन तरुण घडीची कयाक घेऊन डॅन्यूबवर उतरला आणि 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. मधे कराचीहून आपला पश्चिम किनारा धरून 1935 मध्ये तो सिलोनला गेला. म्हणजे आपल्या कोकणाच्या समुद्रातून कापडाची नाव गेली आहे! पण वाटेत त्याला एकाहून अधिक नव्या नावा मागवाव्या लागल्या. कातडं झिजणारच. झिजलेलं ओळखून वेळीच बदलणं हेही या छंदातलंच काम आहे.

आपल्या गावच्या पाण्याचंही सांगते. सुरुवात शांत तळ्यातच कर, तीही परवानगी विचारून आणि लाईफ जॅकेट घालून. पंचगंगेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांपासून लांब राहा. खांबांच्या मधून पाणी ओढ घेतं, आणि तिथं कातडं काय, माणूसही वाचत नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका असतो, पण तू त्या आकड्यांची वाट बघू नकोस. जून लागला की नाव घरात. ती पूर्ण वाळव, सावलीत. मग पावडर लावून सैल गुंडाळ, दर वेळी त्याच रेघेवर घडी घालू नकोस. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नकोस, उकाड्यानं थर चिकटतात.

आणि कात्री लावायची घाई करू नकोस. आधी हातभर लांबीचा नमुना कर. खाली पीव्हीसी, वर सुती, मध्ये तुझी शिवण. तो खोळीसारखा धरून शिवणीच्या वरपर्यंत पाणी भर आणि रात्रभर टांगून ठेव. सकाळी बाहेरून कुठं थेंब दिसतो तिथं खूण कर, टीप बदल, पट्टी चिकटव, पुन्हा भर. नमुना कोरडा राहिला की मला फोन कर. मग आपण दोघी मिळून पूर्ण लांबीचं कापड आणायला जाऊ.