दुकानदाराचे तीन गुण आणि विद्यार्थ्यांची पिच स्पर्धा

तंत्रज्ञानावर आधारलेल्या व्यवसायाची कल्पना परीक्षकांपुढे अवघ्या काही मिनिटांत मांडावयाची, त्यांच्या शंकांना उत्तरे द्यावयाची आणि ही कल्पना भांडवल गुंतविण्याजोगी आहे हे त्यांना पटवावयाचे, अशा स्पर्धांना ‘पिच स्पर्धा’ म्हणतात. कायद्याचे विद्यार्थी लुटुपुटीच्या न्यायालयात वादविवादाचा सराव करतात. तोच धडा घेऊन १९८० च्या दशकात अमेरिकेतील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लुटुपुटीच्या कंपन्यांची स्पर्धा सुरू केली. १९९० मध्ये एमआयटीत दहा हजार डॉलर बक्षिसाची अशीच स्पर्धा आली. आपल्याकडे आयआयटी मुंबईची ‘युरेका’ ही स्पर्धा महाविद्यालयीन तरुणांच्या परिचयाची आहे. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब शाळाशाळांतून उभ्या राहू लागल्या आणि ‘इन्स्पायर–मानक’ योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्यास नमुना तयार करण्यासाठी १०,००० रुपये मिळू लागले. त्यामुळे हा विषय आता शाळेच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचला आहे.

अशा स्पर्धेत उतरावयाचे तर सफाईदार इंग्रजी आणि चकचकीत स्लाइड्स हव्यात, असा समज वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलामुलींत फार दृढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. त्याऐवजी काय हवे, याचा विचार करण्यासाठी आम्ही अंगुत्तर निकायाच्या तिक निपाताकडे वळतो. तेथे ‘पापणिक’ नावाची दोन सुत्ते आहेत. पापणिक म्हणजे दुकानदार. तीन गुणांनी युक्त असलेला दुकानदार थोड्याच काळात समृद्ध होतो, असे भगवान बुद्ध तेथे सांगतात. तो ‘चक्खुमा’ म्हणजे डोळस असतो, ‘विधुर’ म्हणजे व्यवहारकुशल असतो आणि ‘निस्सयसंपन्न’ म्हणजे ज्याला आधार लाभला आहे असा असतो. हा दृष्टान्त भिक्खूंच्या साधनेसाठी आहे, व्यापारशिक्षणासाठी नव्हे, हे विसरता कामा नये. चार आर्यसत्ये म्हणजे पिचच्या चार स्लाइड्स, असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. आम्हांस तो अनुचित वाटतो. परंतु दृष्टान्तातील दुकानदार मात्र खराखुरा आहे, आणि त्याच्याकडून शिकण्यास हरकत नाही.

डोळस कोणास म्हणावे? हा माल एवढ्यास घेतला, एवढ्यास विकला, तर मूळ रक्कम एवढी आणि नफा एवढा, हे ज्यास ठाऊक असते त्यास, असे सुत्त सांगते. यंत्र किती हुशार आहे, हा प्रश्न तेथे नाहीच.

एक उदाहरण घेऊ. सोयाबीनमधील ओलाव्याचे प्रमाण साधारणतः १२ टक्क्यांच्या वर गेले की बाजारात भाव पाडला जातो. शेतकऱ्यास घरी हे प्रमाण कळत नाही. गाडीभाडे खर्चून बाजार समितीत गेल्यावरच ते कळते. समजा, विद्यार्थ्यांच्या एका गटाने गावातच ओलावा मोजून देणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. ओल्या धान्याची विद्युतधारिता कोरड्या धान्याहून अधिक असते. या तत्त्वावर असे यंत्र शाळेच्या प्रयोगशाळेतही जुळविता येते. धान्य तोलावे, ओव्हनमध्ये वाळवावे, पुन्हा तोलावे आणि वजनातील घट यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावी. तापमान बदलले की आकडाही बदलतो, म्हणून सकाळच्या व दुपारच्या नोंदी वेगवेगळ्या घ्याव्यात. येथवर विज्ञानाचे काम झाले.

आता हिशेब. यंत्राची किंमत ६,००० रुपये आणि हंगामभराच्या देखभालीचा खर्च १,००० रुपये धरू. एका तपासणीचे १० रुपये, दिवसाला १५ तपासण्या आणि हंगाम ६० दिवसांचा, तर ९०० तपासण्यांचे ९,००० रुपये होतात. पहिल्या वर्षी हाती २,००० रुपये उरतात. बहुतेक गट येथे थांबतात आणि ‘पहिल्याच वर्षी नफा’ असे मोठ्या अक्षरांत लिहितात. पण यंत्रापाशी साठ दिवस बसणाऱ्या माणसाची मजुरी कोठे आहे? २,००० भागिले ६० केल्यास दिवसाला सुमारे ३३ रुपये येतात. दुसऱ्या वर्षी यंत्राचा खर्च नाही असे धरले, तरी १३३ रुपये. एवढ्यावर कोणी दिवस घालविणार नाही. म्हणजे स्वतंत्र तपासणी केंद्र ही कल्पना उभी राहत नाही. तेच यंत्र पिठाच्या गिरणीत ठेवले, तर गिरणीवाला तेथे असतोच, गिऱ्हाईकही येतेच. त्याच्या दृष्टीने ही वरकड मिळकत ठरते, आणि देखभालीचे हजार रुपये गटाकडे येतात. व्यवसाय खरा येथे सुरू होतो, आणि तो सापडला वहीत, यंत्रात नव्हे.

यापुढचा गुण व्यवहारकुशलतेचा. “तुमच्या यंत्राचा आकडा अडत्याने का मानावा?” असे परीक्षक विचारणारच. त्यावर ‘आमचे यंत्र अचूक आहे’ हे उत्तर लंगडे होय. अडत्या तो आकडा मानणार नाही, हे आधी कबूल करावे. शेतकऱ्यास तो आकडा अडत्याशी भांडण्यासाठी नको, आजच गाडी भरावी की माल आणखी एक ऊन द्यावे हे ठरविण्यासाठी हवा. हे उत्तर सभागृहात सुचत नाही. त्यासाठी वीस-पंचवीस शेतकऱ्यांशी आधी बोलावे लागते. त्यांतील किती जण दहा रुपये देण्यास तयार झाले आणि किती जणांनी नकार दिला, हे दोन्ही आकडे जसेच्या तसे सांगावेत. पाच जणांनी होकार दिला असता ‘शेतकऱ्यांचा प्रचंड प्रतिसाद’ म्हणणे ही मिथ्या वाचा आहे. सम्मा वाचेचा नियम व्यासपीठावर शिथिल होत नाही.

तिसऱ्या गुणाविषयी आम्हांस अधिक विस्ताराने बोलावयाचे आहे. सुत्तातील सधन गृहपती त्या दुकानदाराची डोळसता व कुशलता ओळखतात आणि आपण होऊन त्यास धन देऊ करतात. त्याने कुटुंब पोसावे आणि वेळोवेळी परतफेड करावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते. हे दान नाही, हा विश्वास आहे. आमची मुले मात्र भांडवल मागावयास उभी राहिली की नकळत आपल्या घरच्या दारिद्र्याची कहाणी सांगू लागतात. कोणी तरी ‘त्याने परीक्षक हेलावतात’ असे शिकविलेलेही असते. परीक्षक हेलावतात, टाळ्याही वाजवितात. आणि गुंतवणूक दुसऱ्या गटात करतात. आई मजुरी करते हे सांगण्यात लाज नाही. परंतु शेतमजुरीच्या घरात वाढल्यामुळे ओल्या धान्याचे नुकसान आपण जवळून पाहिले आहे, या नात्याने ती गोष्ट यावी. तेव्हा ती करुणेची याचना राहत नाही, ती आपली जाणकारी ठरते.

विश्वासाचा हा तिसरा गुण सर्वस्वी आपल्या हाती नसतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर बाबासाहेबांनी शेअर बाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाची ही कथा. डोळसता होती, कुशलता होती. निस्सय मात्र जातीने हिरावून घेतला. म्हणूनच परीक्षकांचा नकार आला असता, आपल्या वहीत चूक आहे की समोरच्याच्या नजरेत, हे विद्यार्थ्याने शांतपणे तपासावे. दोन्ही शक्यता खऱ्या असतात.

आज आधाराचे काही मार्ग खुले आहेत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन’मध्ये निवड झालेल्या अनुसूचित जातींतील तरुण उद्योजकांस तीन वर्षांत ३० लाख रुपयांपर्यंत भांडवल देण्याची तरतूद आहे. ही वाट शाळेनंतरची. पण तेथेही विचारली जाते ती हीच वही.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. ज्या यंत्रात खरोखर नवे काही आहे, त्याची अंतर्गत रचना जाहीर सभेत उलगडून दाखवू नये. आधी जाहीर झालेल्या गोष्टीस पेटंट मिळणे कठीण होते. प्राथमिक स्वरूपाचा पेटंट अर्ज अगोदर करून ठेवता येतो व पूर्ण तपशील बारा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. स्पर्धेत यंत्र काय करते हे दाखवावे, कसे करते हे झाकून ठेवावे. आणि ज्या गिरणीवाल्यास विचारून हिशेब मांडला, त्यास निकाल काहीही लागो, ऑक्टोबरात सोयाबीन निघण्यापूर्वी यंत्र नेऊन दाखवावे. त्याचे प्रश्न परीक्षकांहून अवघड असतील.