मालवणच्या समुद्रांतील एक पाठ

आपल्या उमरखेड तालुक्याच्या दक्षिणेस वाहणारी पैनगंगा, पुढें वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेनें पूर्वसमुद्रास मिळते. तिच्या डोहापलीकडे मोठें पाणी न पाहिलेल्या मुलांस घेऊन आम्ही ढाणकीहून पश्चिमसमुद्राच्या कांठीं मालवणास गेलों.

तेथील सिंधुदुर्गाचा पाया शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं घातला, हें आपण इतिहासांत वाचतों. परंतु त्याच परिसरांतील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ सालीं सागरी अभयारण्य ठरलें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

डोळ्यांवर कांचेचा मुखवटा चढवून व तोंडांत श्वासनळी धरून पाण्यावर पालथें तरंगावयाचें, ह्यास स्नॉर्कलिंग म्हणतात. एका मुलानें विचारलें, “नळी दहा हात लांब केली, तर तळाशीं बसतां येईल काय ?” येणार नाहीं. पाण्याचा दाब छातीवर पडून थोड्या खोलीवरच श्वास ओढणें अतिशय कठीण होतें. शिवाय लांब नळींतील सोडलेली हवाच पुन्हा फुफ्फुसांत येते. पाण्यांतून हवेंत येतांना प्रकाश वांकतो, म्हणून कांचेआडून वस्तु चतुर्थांशानें जवळ भासते. हात लांबवावा, तों मासा दूरच !

खालीं पट्ट्यापट्ट्यांचे मासे व प्रवाळांच्या राशी दिसल्या. प्रवाळ हा दगड नव्हे. ती चुन्याचें घर बांधणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांची वसाहत होय. त्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें व सूर्यप्रकाशांत अन्न तयार करून यजमानास वांटा देतें. समुद्र फार तापला कीं हें शैवाल नाहीसें होतें, प्रवाळ पांढरें पडतें व तशी स्थिति टिकल्यास मरतें.

इतक्यांत लाट आली. आमचा तोल गेला व भयानें आम्हीं पाय खालीं टेकला. पायाखालीं कांहीं तरी मोडलें. नावाड्यानें आम्हांस वर ओढलें व एवढेंच म्हटलें, “गुरुजी, तां जिवंत आसा.”

प्रवाळाच्या कित्येक जाति वर्षाकांठीं कांहीं मिलिमीटरच वाढतात. म्हणजे क्षणाचें तें पाऊल अनेक वर्षांवर पडलें होतें. “पाय टेकूं नका,” असें सकाळीं बजावणारे आम्हीच होतों ! सायंकाळीं आम्हीं आपली चूक मुलांपुढें कबूल केली. दुसऱ्या दिवशीं पाण्यांत उतरलेल्या तुकडींतील एकानेंही पाय टेकला नाहीं.

ढाणकीस समुद्र नाहीं, हें खरें. परंतु पैनगंगेच्या डोहांतही जीव नांदतात. पालकांनीं सुटींत मुलांस तेथें अवश्य न्यावें. पाऊल टाकण्यापूर्वी खालीं कोण राहतें तें पाहावें, एवढें शिकलों तरी सहल सार्थकीं लागली.